मागच्या कॅमेऱ्याचा जॉइंट

अहो, गेल्यापासून तुम्ही फारच गुणी झाला आहात. येणारा प्रत्येक जण सतरंजीवर बसतो, फोटोकडे बघतो आणि म्हणतो, बाळूशेठसारखा शांत माणूस पाहिला नाही. मी चहा पुढे करते. आडगाव नाक्यावर, भर दुपारी, नुसती पिळून टेप गुंडाळलेली वायर एका पिकअपमधून उपसून तुम्ही तिच्या मालकाच्या हातात दिली होती आणि विचारलं होतं, "हा जॉइंट आहे की बोटाला बांधलेली चिंधी?" तेही मागे उभ्या असलेल्या सगळ्या गाड्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. तो बिचारा पिंपळगावहून द्राक्षाच्या पेट्या भरून निघालेला, त्याला मुंबई गाठायची घाई. त्याला मी पाणी दिलं, बसवलं, तोवर तुम्ही बडबडत ती वायर पुन्हा केलीत. हे शांत बाळूशेठ कोण, मला माहीत नाही. मला माझ्या नवऱ्याशी बोलायचं आहे.

फोटोसुद्धा जमलेला नाही. आपल्या सोनालीने तो कुठल्याशा लग्नातल्या घोळक्यातून कापून मोठा केला. केस चापून बसवलेले, शर्टाचं वरचं बटण लावलेलं, आणि चेहऱ्यावर पंगत कधी बसणार याची काळजी. त्यात तुमचे हात नाहीत. नखांत कायमची बसलेली काळी रेघ नाही, उजव्या अंगठ्याजवळचा भाजल्याचा डाग नाही. हार घालताना मी दर वेळी खाली हात शोधते आणि तिथे फ्रेमची पट्टी लागते.

तुमच्या त्या गाड्यांच्या वायरिंगच्या दुकानात मी डबा घेऊन आले होते, एवढंच. लग्नाला फार दिवस झाले नव्हते. तुम्ही एका टेम्पोच्या मागच्या दिव्यापाशी उकिडवे बसला होतात. एका हातात तापलेलं सोल्डरिंगचं हत्यार, दुसऱ्या हातात वायरची दोन टोकं आणि सोल्डरची तार चक्क दातांत धरलेली. मी नवी नवरी होते हे विसरून ओरडले, "अहो, शिसं असतं त्यात! तोंडात काय धरलंय?" तुम्ही तार न सोडता काहीतरी पुटपुटलात, ते मला कळलं नाही. मग मीच ती तुमच्या दातांतून काढली आणि जॉइंटला टेकवली.

"अशी घाई नाही करायची. आधी वायर तापू दे. तापली की ती स्वतःच पिते."

आणि खरंच प्यायली. तार वितळून तांब्याच्या बारीक केसांत शिरली आणि जॉइंट लखलखला. "आता हलू नको," तुम्ही म्हणालात. मी श्वाससुद्धा रोखून धरला. ती चकाकी जराशी मंद झाली, तेव्हा तुम्ही मान डोलावलीत. डब्यातली भाजी तोवर पार गार झाली होती.

सोल्डरला तीन हात लागतात आणि माणसाला असतात दोन. त्या दिवसापासून तिसरा माझा झाला. घरी कुणी विचारलं तर मी सांगायचे, डबा द्यायला जाते, मग जरा बसते. इतकी वर्षं हेच सांगत आले. मला तिथे बसायला आवडायचं, हे तुम्हालाही कधी सांगितलं नाही. सोल्डरच्या पेस्टचा तो उग्र वास, समोरून जाणाऱ्या गाड्या, सटाण्याकडच्या एखाद्या ड्रायव्हरने तोंड उघडलं की कानावर पडणारी माझी माहेरची बोली, आणि तुमचं ते "हलू नको". फार आवडायचं मला. तुम्ही समोर नाही, म्हणून आज म्हणता येतंय.

एकदा एका ड्रायव्हरने विचारलं होतं, "शेठ, बाईमाणूस वायर धरतंय व्हय? लय भारी की." तुम्ही वर न बघताच म्हणालात, "मग तू धर. भाजलं तर ओरडायचं नाय." मला आतून काय वाटलं ते मी दाखवलं नाही, घरी येताना मात्र तुमच्या आवडीची शेव घेतली होती. तुम्ही विचारलंत, आज काय विशेष? मी म्हटलं, ताजी दिसली.

तो अंगठ्याजवळचा डाग लोक विचारायचे, तेव्हा तुम्ही सांगायचात की गिऱ्हाइकाची गाडी हलली. गाडी हलली नव्हती. मागून एका ट्रकने हॉर्न दिला, मी दचकले, माझा हात पुढे आला आणि तुम्ही सोल्डरिंग स्वतःकडे वळवलंत. सोल्डरिंग टेबलावर ठेवलंत, नळाखाली हात धरलात आणि त्या ट्रकवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केलात. मला एक शब्द बोलला नाहीत. एवढा बोलघेवडा माणूस, कुठे गप्प बसायचं ते तुम्हाला बरोबर कळायचं.

आणि ती स्लीव. जॉइंट झाकायची ती बारीक काळी नळी, वायरी जोडायच्या आधीच एका टोकात ओवून मागे सारायची असते. जॉइंट झाला की वर ओढायची, लायटर दाखवायचा, म्हणजे ती आक्रसून घट्ट बसते. एकदा दोन्ही टोकं जोडली की मग ती शिरणार कुठून? हे तुम्ही सगळ्यांना समजावून सांगायचात आणि स्वतः हमखास विसरायचात. सुंदर जॉइंट व्हायचा, तुम्ही खूश होऊन मान मागे घ्यायचात आणि स्लीव तुमच्याच गुडघ्यावर पडलेली असायची. मग एक शिवी, मग कटर, मग सगळं पहिल्यापासून. म्हणून तार पुढे करण्याआधी मी विचारायला लागले, "स्लीव?" तुम्ही चिडायचात. "आहे माझ्या ध्यानात." नसायची. सोनाली शाळेतून दुकानात यायची आणि टायरवर बसून खेळायची, तेव्हा बाहुलीला झबलं घालताना तिलाही विचारायची, "स्लीव?" किती हसलो होतो आपण.

आपला खरा वाद वेगळा होता आणि तो मिटला नाही. तुम्ही म्हणायचात, नीट केलेला सोल्डर जन्मात तुटत नाही. मी म्हणायचे, सोल्डर नाही तुटत, त्याच्या शेजारची वायर तुटते. परत आलेल्या गाड्यांच्या वायरी मीच हातात धरायचे ना. जॉइंट होता तसा कडक, आणि जिथे तो संपून मऊ वायर सुरू होते, नेमकी तिथेच ती तुटलेली. गाडी दिवसभर हादरणार, वायर त्या जागी वाकत राहणार. म्हणून माझं म्हणणं, जॉइंटच्या दोन्ही बाजूंना प्लास्टिकचे टाय लावून वायर पक्की बांधा, लोंबती ठेवू नका. त्यावर तुमचं ठरलेलं उत्तर, "बायकांना सगळं बांधूनच ठेवायचं असतं." शेजारचा चहावाला गणेश खो खो हसायचा. मी त्याच्याकडे बघितलं की कपबशा धुवायला लागायचा. अधूनमधून मी नसताना केलेल्या कामात टाय दिसायचे. विचारलं तर म्हणायचात, "गिऱ्हाइकाने सांगितलं लावायला." बरोबर आहे तुझं, एवढे तीन शब्द तुमच्या तोंडून काही निघाले नाहीत.

दुसरा वाद आपल्या जुन्या व्हॅनचा. मी ती चालवावी असं तुमच्या डोक्यात बसलं होतं. मी शिकलेसुद्धा. पुढे जाणं जमलं. मागे घेणं जमेना, कारण या दुखऱ्या मानेने मला वळून बघता येत नाही. मग तुम्ही मागे उभे राहायचात, दुकानासमोरच्या त्या फुटलेल्या फरशीवर एक पाय ठेवून, आणि पत्र्यावर थापा मारायचात. "येऊ दे, येऊ दे, येऊ दे... बास!" तुमचा आवाज असला तरच मी गाडी मागे घ्यायचे. शेवटी मी नाद सोडला.

"तुम्ही आहात की न्यायला-आणायला," मी म्हटलं.

"आणि मी नसलो तर? कुणाच्या तरी गाडीची वाट बघत बसशील."

"बसेन."

"बसशीलच तू. हट्टी."

मी पोळ्या लाटत होते, लाटणं आपटलं. तुम्ही उठून बाहेर गेलात. आणि काही दिवसांनी कॅमेरा घेऊन आलात.

"हा कशाला?"

"तुझी मान वळत नाही ना? वळवायची गरजच नाही. मागचा गिअर टाकला की समोर पडद्यावर दिसेल."

"काय दिसेल?"

"काही नाही. मागे कोणी नाही, एवढंच बघायचं असतं त्यात. कोणी नाही दिसलं की गाडी घ्यायची."

मी म्हटलं, मला नको तुमचा सिनेमा. तुम्ही ऐकता थोडेच. गिऱ्हाइकांची कामं सांभाळून जमेल तसं बसायला लागलात. छताच्या कापडाखालून केबल नेलीत, स्टेअरिंगजवळ पडदा बसवलात, मागे नंबरप्लेटच्या वर कॅमेरा लावलात. दुसऱ्यांच्या गाडीत चहा थंड होईपर्यंत जे उरकायचात, ते आपल्या गाडीत रेंगाळत, पुन्हा पुन्हा तपासत केलंत. पुसून पुसून. मी बघायचे आणि बघत नसल्यासारखं करायचे. राहिलं होतं ते फक्त मागच्या दिव्यातलं कनेक्शन, जिथून कॅमेऱ्याला करंट मिळणार होता.

तेवढ्यात ताईच्या नातवाचं बारसं आलं आणि मी सटाण्याला गेले. संध्याकाळी तुमचा फोन आला. "जॉइंट तू आल्यावरच करू. तार कोण धरणार?"

"दातांत धरा," मी म्हटलं.

तुम्ही हसलात आणि फोन ठेवलात. ते आपलं शेवटचं बोलणं. यापेक्षा काहीतरी बरं बोलायला हवं होतं, असं ऐकणाऱ्याला वाटेल. मला नाही वाटत. मला ते आवडतं. त्यात आपलं सगळंच आलं.

दुसऱ्या दिवशी पाळणा म्हणून झाला होता, जेवणाची पानं मांडली जात होती. गणेशचा फोन आला. "वैनी, तुम्ही निघा. शेठला बरं नाय."

"दवाखान्यात नेलं का?"

"नेलं ना वैनी," तो म्हणाला आणि पुढे बोलेचना. एरवी त्याला थांबवावं लागतं. तिथेच मला कळलं. ताई जवळ आली, "लता, काय व्हयनं वं?" काय झालं ते मला सांगता येईना. दारात पाहुण्यांच्या गाड्या एकीमागे एक उभ्या होत्या. ज्याची बाहेर निघू शकत होती तो गावात गेलेला, जो घरात होता त्याची आत अडकलेली. कुणी किल्ली शोधत होतं, कुणी फोन लावत होतं. मी पिशवी मांडीवर घेऊन ओट्यावर बसून राहिले. कुणाच्या तरी गाडीची वाट बघत. तुम्ही म्हणाला होतात तशी, अगदी तशीच.

शेवटी ताईच्या मुलाने कशीबशी गाडी काढली. रस्ताभर पुढे कांद्याचे ट्रॅक्टर. मी स्वतः निघाले असते तरी तुम्ही भेटला नसतात, हे मला माहीत आहे. तुम्ही खुर्चीतच गेला होतात, गणेशने दिलेला चहा हातात असताना. तरी तो ओटा माझ्या मनातून जात नाही. मला तुमच्याकडे यायचं होतं आणि मला स्वतःहून येता येत नव्हतं. वाद जिंकायची ही काय रीत झाली, अहो? मी ऐकलं असतं. आणखी थोडं भांडून, पण ऐकलं असतं.

तेरावं झालं, पाहुणे पांगले. सोनाली पुण्याहून आलेली आहे, ती अजून थांबली आहे. काल भांडी लावता लावता म्हणाली, "आई, व्हॅन बघायला एक जण येतो म्हणतोय. उभी राहून खराब होण्यापेक्षा देऊन टाकू. तू थोडीच चालवणार आहेस?"

"का नाही चालवणार?"

कसं निघालं तोंडातून, माझं मलाच कळलं नाही. सोनालीने हातातलं भांडं खाली ठेवलं.

"आई, तुला रिव्हर्स येत नाही."

"कॅमेरा आहे."

"तो चालू कुठेय?"

"चालू करू."

"कोण करणार?"

"मी. तू तार धर."

तुमच्यासारखीच भांडते ती, शब्दाला शब्द. पण उठली.

आज सकाळी दुकानाचं शटर उघडलं. तुमची खुर्ची गणेशने आत आणून ठेवली होती, तिला मी हात लावला नाही. टेबलावर सगळं तुमच्या शिस्तीत होतं, पेस्टच्या डबीचं झाकणसुद्धा लावलेलं. बॅटरीचं निगेटिव्ह आधी काढलं, ते तुम्ही शिकवलेलं. सोल्डरिंग मी टेबलावर क्वचित कधी केलं होतं, गाडीमागे उकिडवं बसून कधीच नाही. तुमच्या जागी बसताना गुडघे कुरकुरले. सोनाली बाजूला बसली, तार हातात घेऊन, बोटं सोल्डरिंगपासून लांब ठेवून. लहानपणी बघितलेलं तिच्या हातात अजून आहे. मी दिव्याचं कव्हर उघडलं, आतल्या वायरी ओढायला हात घातला, आणि ती बोलून गेली,

"आई, स्लीव?"

आम्ही दोघीही थांबलो. मग मी वायरी हळूच बाहेर घेतल्या. टोकं सोललेली, पिळून तयार. आणि दोन्ही वायरींवर स्लीव आधीच ओवलेली होती. मापात कापून, मागे सारून ठेवलेली.

अहो, कुणी विचारलं नव्हतं तुम्हाला. मी सटाण्याला होते. एकटे बसून तुम्ही आपलं आपण आठवलंत, की मनातल्या मनात माझा आवाज ऐकलात, मला काय माहीत. तुम्ही तयारी करून ठेवली होती, मी आले की फक्त तार धरायची होती. घरात माणसं होती तोवर मला रडता आलं नाही, सगळ्यांना चहा लागत होता. तिथे रडले, पान्यांच्या ढिगाशेजारी, पदर तोंडात कोंबून. सोनाली रडत होती, पण तिने तार खाली ठेवली नाही.

टाय मात्र नव्हते. मी आत बोट घालून शोधले, टेबलावर बघितलं, नव्हते म्हणजे नव्हतेच. हट्टी माणूस. ते मी कपाटातून काढले आणि काम झाल्यावर बांधले, जॉइंटच्या दोन्ही बाजूंना, घट्ट. हा वाद आता तुमच्या बाजूनेही मलाच चालवावा लागणार. मी तुमची बाजू नीट मांडीन, काळजी करू नका, पण टाय लावीन.

वायर तापू दिली. घाई केली नाही. तार टेकवली, ती प्यायली. जॉइंट लखलखला तेव्हा सोनाली हळू आवाजात म्हणाली, "आई, हलू नको." चकाकी मंद झाली. दुसराही जॉइंट तसाच केला. तुमच्यासारखे नाही झाले, एकाच्या बाजूला बारीक गोळा राहिला आहे. तुम्ही असतात तर कापायला लावला असता. मी स्लीव वर ओढली, लायटर दाखवला आणि गोळा झाकून टाकला.

मला तुमची फार आठवण येते. सकाळी डबा भरायला हात जातो, मग कुणासाठी म्हणून थांबतो. भांडायला माणूस नाही. गणेश माझ्याशी इतका अदबीने बोलतो की मलाच संकोच वाटतो. तुम्ही मला दुकानात बसू दिलंत, हातात तार दिलीत, कुणी हसलं तर त्याला गप्प केलंत आणि उपकार केल्यासारखं कधी दाखवलं नाहीत. त्याबद्दल मी तुम्हाला काही म्हटलं नाही आणि तुम्हीही मी म्हणेन म्हणून वाट बघितली नाहीत. आपल्यात तशी पद्धत नव्हती. असायला हवी होती, असं आता वाटतं.

बॅटरी जोडली. मी स्टेअरिंगवर बसले, तशी सोनाली गाडीच्या मागे जायला निघाली. "मी उभी राहते, येऊ दे म्हणते."

"नको. तू आत बस माझ्याजवळ."

किल्ली फिरवली, मागचा गिअर टाकला. पडदा जरा वेळ काळाच राहिला. मग उजळला आणि त्यात आपल्या दुकानासमोरची जागा दिसली. गणेशचं बाकडं, तेलाचं पिंप, ती फुटलेली फरशी. मी फरशीकडे बघत राहिले. मागे कोणी नाही, एवढंच बघायचं असतं त्यात, असं तुम्ही सांगितलं होतं. नीट बघितलं. कोणी नव्हतं.

मग मी क्लच सोडला आणि गाडी मागे घेतली.